मोबाईलऐवजी काय द्यावे?

माझ्या ८ वर्षांच्या भाच्याला आजीच्या गोष्टी ऐकल्याशिवाय झोप येत नसे. आजी गावी राहायला गेली आणि ताईने गोष्टींसाठी त्याच्या हाती मोबाईल दिला. गोष्टी राहिल्या बाजूला, स्वारी रात्री ११ पर्यंत चित्रे पाहत जागू लागली! दुसरे साधन शोधण्याचे काम माझ्याकडे आले.

आयपॉड टच ॲपलने २०२२ साली बंद केला; शिवाय त्यातही इंटरनेट होतेच. म्हणून मी साधा एमपी-३ प्लेअर घेतला. १२८ केबीपीएस दराने मिनिटाला सुमारे १ एमबी जागा लागते. म्हणजे ८ जीबीच्या कार्डात शंभराहून अधिक तास मावतात. एफएमसाठी मात्र इअरफोन लावावाच लागतो, कारण त्याची वायरच एरियलचे काम करते. बटणे अंधारात बोटांना कळतात का, हे दुकानातच डोळे मिटून पाहावे. (दुकानदार हसला; हसेना का!) आवाजाला मर्यादा घालता येते का, हेही पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास, ही मर्यादा सांगितली आहे.

मग गावी जाऊन आजीच्या चार गोष्टी ध्वनिमुद्रित केल्या. तिसरीत ती मध्येच खोकते. तेवढा भाग मी कापणार होतो. भाचा म्हणाला, "मामा, राहू दे ना तो."