‘राम’ शोधला, ‘ग्रामीण’ सापडला

जुन्या मराठी पुस्तकांतला टाइप करून घेतलेला मजकूर माझ्याकडे होता. त्यात ‘राम’ हा शब्द सुटा असा किती वेळा येतो, एवढंच मला मोजायचं होतं. ‘रामदास’ नको, ‘आराम’ नको. पायथनमध्ये तीन ओळी लिहिल्या. मधे ‘राम’ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना शब्दाची हद्द सांगणारी खूण, म्हणजे बॅकस्लॅश आणि त्यापुढे बी हे अक्षर. असे शोधाचे पॅटर्न लिहायला शिकणाऱ्याला सुरुवातीलाच भेटणारी ही खूण.

यादी आली. ‘रामदास’ आणि ‘आराम’ बरोबर वगळले होते, पण ‘विराम’मधून राम निघाला, ‘ग्रामीण’मधून निघाला, ‘रामायण’ आणि ‘रामेश्वर’ तर होतेच. फाइल बिघडली असेल म्हणून ती तपासली. ती ठणठणीत होती. पॅटर्नही चुकलेला नव्हता. ज्या नियमांनी तो पॅटर्न वाचला जात होता, ते नियम मी कधी नीट पाहिलेच नव्हते.

पायथनच्या नेहमीच्या ‘आरई’ लायब्ररीत शब्दाचं अक्षर म्हणजे युनिकोडच्या दृष्टीने अक्षर किंवा अंक असलेलं चिन्ह, आणि अंडरस्कोर. आपले स्वर आणि व्यंजनं त्यात बसतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलंत मात्र बसत नाहीत, कारण युनिकोडमध्ये त्यांचा वर्ग वेगळा आहे: जोडचिन्हांचा. म्हणून या लायब्ररीला ‘नगर’ एक शब्द दिसतो आणि ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे दिसतात. ‘महाराष्ट्र’चे तर पाच होतात: मह, र, ष, ट, र. ‘विराम’मधली वेलांटी आली की लायब्ररीच्या लेखी शब्द संपतो आणि ‘राम’ नव्याने सुरू होतो. ‘ग्रामीण’मध्ये एका बाजूला हलंत आणि दुसऱ्या बाजूला दीर्घ वेलांटी आहे, त्यामुळे मधला राम सुटा ठरतो.

त्या दिवसापासून मी पॅटर्नइतकंच लक्ष त्याच्याबरोबर दिल्या जाणाऱ्या पर्यायांकडे, म्हणजे फ्लॅगांकडे, देऊ लागलो. हा लेख त्यांच्याबद्दल आहे.

अशा पॅटर्नना ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ म्हणतात. हे नाव अमेरिकी गणिती स्टीफन क्लेनी यांच्या कामातून आलं. वॉरन मॅकलॉक आणि वॉल्टर पिट्स यांनी १९४३ मध्ये चेतापेशींच्या जाळ्याचं एक गणिती प्रतिरूप मांडलं होतं. असं जाळं कोणत्या घटनाक्रमांना ओळखू शकेल, हे लिहिण्यासाठी क्लेनींनी १९५१ मध्ये एक चिन्हपद्धती बनवली. ‘शून्य किंवा कितीही वेळा’ सांगणारा तारा तिथला. पुढे केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये ही पद्धती संगणकावर मजकूर शोधण्यासाठी कशी चालवायची, ते प्रसिद्ध केलं. तिथून ती युनिक्सच्या ‘ग्रेप’ या मजकूर शोधणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आली आणि मग सगळीकडे पसरली.

पसरताना तिच्या बोली झाल्या, आणि पर्यायांचा पहिला प्रकार याच बोलींचा आहे. साधा कंस घ्या. युनिक्सच्या जुन्या, ‘बेसिक’ बोलीत कंस म्हणजे मजकुरातला कंसच. गट करायचा असेल तर त्याच्या आधी बॅकस्लॅश द्यायचा. ‘एक्स्टेंडेड’ बोलीत नेमकं उलटं: उघडा कंस गट करतो, आणि खराखुरा कंस शोधायला बॅकस्लॅश लागतो. युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉसिक्स मानकाने या दोन्ही बोली टिकवल्या, म्हणून लायब्ररीला कोणती बोली वापरायची हे सांगावंच लागतं. सी++ च्या २०११ च्या मानकात तर सहा बोली निवडायला आहेत: एक्मास्क्रिप्ट, बेसिक, एक्स्टेंडेड, ऑक, ग्रेप आणि ईग्रेप. तुम्ही काहीच सांगितलं नाही तर एक्मास्क्रिप्ट. ग्नूच्या सी लायब्ररीत बोली एका आकड्याने सांगतात. त्या आकड्याचा एकेक बिट एकेका प्रश्नाचं उत्तर देतो: टिंबात, म्हणजे ‘कोणतंही एक चिन्ह’ सांगणाऱ्या खुणेत, नवी ओळ धरायची का, महिरपी कंसातली संख्या ‘इतक्या वेळा’ समजायची का, अधिकचं चिन्ह विशेष मानायचं का. असे दोन डझनांहून अधिक बिट आहेत, आणि सगळे शून्य ठेवले की ईमॅक्स या संपादकाची बोली मिळते.

बोली बदलली की उत्तर कसं बदलतं, ते एका उदाहरणात दिसतं. पॅटर्न आहे ‘गणपती|गणपतीपुळे’. मधली उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. मजकुरात ‘गणपतीपुळे’ आहे. पर्लच्या वळणाच्या लायब्ररी डावीकडचा पर्याय आधी घेतात, म्हणून ‘गणपती’वर थांबतात आणि ‘पुळे’ मागे राहतं. पॉसिक्सचा नियम सर्वांत लांब जुळणी घेण्याचा आहे, तो पूर्ण ‘गणपतीपुळे’ देतो. गो भाषेच्या लायब्ररीत दोन्ही वागणुकी आहेत. लांबवाली हवी असेल तर तसं मागावं लागतं. गावांच्या नावांची यादी घेऊन काम करणाऱ्याने हा फरक आधी तपासावा, नाहीतर लांब नावं यादीत वर ठेवावीत.

पर्यायांचा दुसरा प्रकार जुळवण्याच्या पद्धतीचा. लहान-मोठी लिपी एक मानायची का, हा त्यातला सर्वांत परिचित. देवनागरीत तो भेदच नाही, त्यामुळे आपल्याला तो सहसा लागत नाही. ओळींचे पर्याय मात्र लागतात आणि फसवतातही. पर्लमध्ये ‘एम’ दिला की सुरुवात आणि शेवटाच्या खुणा प्रत्येक ओळीला लागू होतात. टिंबाने नवी ओळही पकडावी असं हवं असेल तर ‘एस’. रुबीत तोच ‘एम’ टिंबाचं काम करतो, आणि सुरुवात-शेवटाच्या खुणा तिथे कायमच ओळीपुरत्या असतात. एखाद्या वेबसाइटवर ‘सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त आकडे’ अशी तपासणी रुबीत या खुणांनी केली, तर एका ओळीत आकडे आणि पुढच्या ओळीत काहीही लिहून माणूस आत शिरू शकतो. पूर्ण मजकुराचा आरंभ आणि शेवट सांगणाऱ्या खुणा तिथे वेगळ्या आहेत, आणि त्याच वापरायच्या.

शोध किती वेळ चालू द्यायचा, हाही एक पर्यायच आहे, आणि तो न दिल्याची किंमत मोठ्या कंपन्यांनी मोजली आहे. २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रॅमरांचं प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ ३४ मिनिटं बंद पडलं. ओळीच्या कडेच्या रिकाम्या जागा छाटणारा पॅटर्न सुमारे २०,००० रिकाम्या जागांच्या एका रांगेवर अडकला होता. ती रांग ओळीच्या टोकाला नव्हती. पॅटर्न चालवणारं इंजिन प्रत्येक जागेपासून नव्याने सुरुवात करून रांगेच्या शेवटी हरत होतं. अशा जवळपास २० कोटी तपासण्या होतात. २ जुलै २०१९ रोजी वेबसाइटांना संरक्षण पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीची सेवा जगभर २७ मिनिटं कोलमडली, तीही इंजिनाला मागे फिरून पुन्हा पुन्हा प्रयत्न करायला लावणाऱ्या एका पॅटर्नमुळे. डॉटनेटमध्ये २०१२ पासून वेळेची मर्यादा घालता येते, आणि २०२२ च्या आवृत्तीत मागे न फिरणारं इंजिन मागता येतं. बाहेरच्या माणसाने टाइप केलेला मजकूर तुमच्या पॅटर्नखालून जाणार असेल तर यांपैकी एक तरी वापराच.

आता पुन्हा आपल्या लिपीकडे. जावात शब्दाचं अक्षर आणि अंक यांचा डिफॉल्ट अर्थ निव्वळ इंग्रजी आहे. २०११ मध्ये जावा ७ ने ‘युनिकोड कॅरेक्टर क्लास’ नावाचा फ्लॅग आणला. तो दिला की काना-मात्रा-हलंत शब्दाचा भाग होतात, आणि ‘महाराष्ट्र’ अखंड राहतो. जावास्क्रिप्टमध्ये युनिकोडचा फ्लॅग दिला तरी शब्दाच्या खुणेत एकही देवनागरी अक्षर येत नाही. तिथे अक्षरांचा वर्ग आणि जोडचिन्हांचा वर्ग नाव घेऊन मागावे लागतात, आणि ही सोय २०१८ मध्ये आली.

अंकांची तऱ्हा वेगळी. पिनकोड तपासायला ‘सहा अंक’ असा पॅटर्न पायथन ३ मध्ये लिहिला तर पुण्याच्या सदाशिव पेठेचा ‘४११०३०’ देवनागरीत लिहिलेलाही चालतो. जावात डिफॉल्टवर तोच नापास होतो. मराठी अर्जात मराठी आकडे स्वीकारलेच पाहिजेत असं माझं ठाम मत आहे. पण स्वीकारल्यावर ते साठवण्याआधी एकाच लिपीत आणणंही तितकंच गरजेचं, नाहीतर एकच पेठ डेटाबेसमध्ये दोन ठिकाणी राहते.

आणि टिंब. टिंब म्हणजे ‘कोणतंही एक चिन्ह’. मग ‘स्त्री’ किती टिंबांत बसेल? युटीएफ-८ मध्ये साठवलेला मजकूर लायब्ररी निव्वळ बाइट म्हणून वाचत असेल तर १८ लागतील, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. युनिकोड म्हणून वाचायला सांगितलं तर ६: स, हलंत, त, हलंत, र, वेलांटी. काही लायब्ररींत दिसणारं पूर्ण अक्षर पकडणारी, बॅकस्लॅश आणि मोठा एक्स अशी खूण आहे. तिच्या जुन्या नियमाने ३ येतील. २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम आला, आणि तो पाळणाऱ्या लायब्ररीत उत्तर १ येतं. पाटीवर ‘स्त्री’ गिरवणाऱ्या मुलाचंही उत्तर हेच असेल.

चौकटी कंसातल्या ‘क-ह’ या पल्ल्यातही असंच एक वळण आहे. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर येतो. युनिकोडच्या तक्त्यात तो ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मधे आहे, म्हणून हा पल्ला ‘ळ’ला सहसा धरतो. पण सी++ मध्ये ‘कोलेट’ पर्याय दिला की पल्ला त्या भाषेच्या क्रमाने मोजायचा असतो, आणि तो क्रम आपल्या वर्णमालेप्रमाणे लावलेला असेल तर ‘ळ’ बाहेर पडेल. मी पल्ल्याच्या शेजारी ‘ळ’ वेगळा लिहितो.

माझ्या रामाचं पुढे काय झालं? हद्दीची खूण काढून मी ‘आधी-नंतर देवनागरी चिन्ह नसावं’ अशी अट घातली आणि त्यासाठी युनिकोडचा पूर्ण देवनागरी तक्ता दिला. ‘विराम’ आणि ‘ग्रामीण’ गेले, पण ओव्यांतले कितीतरी राम हरवले. दंडही त्याच तक्त्यात आहे, आणि ओळीच्या शेवटी ‘राम’ला दंड चिकटून होता. दंड वगळला, ते परत आले. मग लक्षात आलं की ‘रामाने’, ‘रामाला’, ‘रामाचा’ हेही यादीतून गेले आहेत. विभक्ती लागलेला राम सुटा धरायचा की नाही, हे कोणताच फ्लॅग ठरवत नाही. मी धरला, आणि प्रत्ययांची यादी हाताने लिहिली.

त्याच मजकुरावर काम करताना सर्वांत जास्त वेळ मात्र ‘दऱ्या’ने घेतला. हा अर्ध्या ‘र’चा आकार तीन प्रकारे टाइप झालेला असतो: ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाने, ‘र’ला नुक्ता (खालचं टिंब) देऊन, किंवा ‘र’, हलंत आणि एक सांधणारं अदृश्य चिन्ह देऊन. डोळ्यांना तिन्ही सारखेच. पहिले दोन युनिकोड समान मानतं, आणि जावातला समतुल्यतेचा फ्लॅग दिला तर ते एकमेकांशी जुळतात. तिसरा कशाशीच जुळत नाही. त्यात भर म्हणजे मजकूर साफ करणारा माझा कोड अदृश्य चिन्हं पुसून टाकत होता. त्यामुळे तिसऱ्या प्रकारच्या सगळ्या ‘दऱ्या’ ‘दर्या’ झाल्या होत्या, आणि सह्याद्रीच्या वर्णनात एका पानावर चार समुद्र आले होते. आता तो तिसरा प्रकार आधी ‘ऱ’मध्ये बदलून घेतो, नुक्त्याचा प्रकारही त्याच रूपात आणतो, आणि पुसण्याची ओळ सगळ्यांत शेवटी ठेवतो.