कारागीर लेखणी खाली ठेवतो तेव्हा...

हस्तकलेतील एखादा जाणकार कारागीर काही वर्षे आपल्या कामाविषयी नेमाने लिहितो, प्रात्यक्षिके दाखवितो, नवशिक्यांच्या शंकांना उत्तरे देतो आणि एके दिवशी जाहीर करतो, की आता हे सारे पुरे, यापुढे केवळ काम. त्याच्या वाचकांना हळहळ वाटते. कुणाला त्यात अहंकार दिसतो, तर कुणाला पराभव. प्रत्यक्षात असा निर्णय बहुतेकदा एका साध्या हिशेबातून येतो. तो समजून घ्यायचा असेल, तर मिरजेच्या तंतुवाद्यांकडे पाहावे लागेल.

मिरजेत तानपुरा आणि सतार घडविण्याची परंपरा सुमारे दीडशे वर्षांहून जुनी आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या कामाला आरंभ केला. पुढे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गायकाच्या वास्तव्याने गावाला सुरांची जाण लाभली आणि वाद्ये घडविणाऱ्यांना चोखंदळ ग्राहक मिळाला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले आणि या कलेचा पुन्हा एकदा बोलबाला झाला.

कानाने करायचे काम

तानपुऱ्याचा प्रवास शेतात सुरू होतो. सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर, मंगळवेढा परिसरात पिकणारा जाड सालीचा कडू भोपळा त्यासाठी निवडला जातो. तो पूर्ण वाळवावा लागतो. मग त्याचा माथा कापायचा, पाण्यात भिजवून त्याच्या तोंडाला आकार द्यायचा आणि त्याला लाकडी गळा व दांडी जोडायची. वर तबली बसते, नक्षीकाम होते, पॉलिश चढते, खुंट्या लागतात, तारा ओढल्या जातात. इथपर्यंतचे काम पाहून शिकता येते आणि बऱ्याच अंशी शब्दांत सांगताही येते.

त्यानंतर येते जवारी. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट भासला, तरी त्याला अत्यंत हलका उतार दिलेला असतो. थरथरणारी तार या उताराला पुन:पुन्हा स्पर्श करते आणि मूळ स्वराबरोबर वरचे अनेक सूक्ष्म स्वर उमटू लागतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकविलेला सुताचा धागा योग्य जागी आला, की नाद खुलतो. हा उतार कानशीने साधायचा असतो. एक हात जास्त फिरला, तर आधीची मेहनत वाया जाते. किती घासायचे, हे कोणतीही मोजपट्टी सांगत नाही. ते कान सांगतो आणि कानाला शांतता लागते. ऐकता ऐकता मध्येच फोन वाजला, की हरवलेला नाद पुन्हा पहिल्यापासून शोधावा लागतो.

दोन तासांचा हिशेब

समजा, एखादा कारागीर लिहिणे, छायाचित्रे काढणे, चित्रफिती तयार करणे आणि पत्रांना उत्तरे देणे यांवर रोज दोन तास घालवितो. महिन्याचे २५ कामाचे दिवस धरले, तर हे ५० तास झाले. आठ तासांचा एक दिवस मानल्यास महिन्यातील सहा दिवस कार्यशाळेतून वजा झाले. कारखान्यात हे नुकसान दुसऱ्या कामगाराकडून भरून काढता येते. जवारी काढणारा हात मात्र घरात एकच असेल, तर त्याच्या सहा दिवसांना पर्याय नसतो.

या सहा दिवसांतून काही मिळते का? ओळख जरूर मिळते. परंतु वाचणारा आणि विकत घेणारा हे बहुधा वेगळे असतात. चांगला तानपुरा नीट सांभाळला, तर कित्येक दशके टिकतो. एकदा वाद्य घेतलेला ग्राहक दुसरे घेण्यासाठी लवकर परतत नाही. तो परततो तो दुरुस्तीसाठी. तारांच्या घर्षणाने घोडी झिजते, नाद बसका होतो आणि जवारी पुन्हा काढावी लागते. म्हणजे ग्राहकाला वर्षानुवर्षे बांधून ठेवते ती कारागिराच्या हाताची खात्री. गवयांच्या वर्तुळात हे नाव तोंडोतोंडी पसरते. 'जवारी यांच्याकडूनच काढून घ्या', असे एका गायकाने दुसऱ्याला सांगणे या धंद्यात मोठ्या जाहिरातीहून मोलाचे ठरते.

मग लिहिण्याची वेळ का आली?

इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला आणि पुढे मोबाइलमध्येही तानपुऱ्याचा सूर वाजू लागला. रियाजासाठी खरे वाद्य हवेच, ही सक्ती संपली. भोपळ्याच्या तानपुऱ्यात वेगळे काय आहे, हे ग्राहकाला समजावून सांगणे भाग पडले. २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत मैफली थांबल्या, तेव्हा घरबसल्या लोकांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग साऱ्याच कलांना धरावा लागला. त्या काळात हातात काम कमी आणि वेळ भरपूर होता. अडचण सुरू होते ती काम परतल्यावर, कारण लोकांना लागलेली सवय आणि कारागिराने स्वीकारलेली जबाबदारी तशीच राहते.

मानांकनाने हा भार हलका होतो, असेही नाही. १९९९ चा भौगोलिक मानांकन कायदा २००३ मध्ये अमलात आला. तो नावाला संरक्षण देतो. दुसरीकडचे वाद्य 'मिरजेचे' म्हणून विकता येत नाही. मात्र मागणी आणून देणे आणि पुढची पिढी घडविणे ही कामे कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. उलट मानांकनाबरोबर पाहुणे, अभ्यासक आणि प्रदर्शनांची निमंत्रणे वाढतात. त्या प्रत्येकाला वेळ देणारा माणूस तोच असतो.

मौनाचीही किंमत

म्हणून कारागिराने गप्प बसावे, असा याचा अर्थ नव्हे. इटलीतील क्रेमोना येथील विख्यात व्हायोलिनकार अंतोनियो स्त्रादिवारी १७३७ मध्ये निवर्तला. त्याच्यासोबत काम करणारे दोन मुलगे १७४३ पर्यंत गेले आणि त्या घरातील कामाचा वारसा खंडित झाला. त्याचे साचे आणि हत्यारे आज संग्रहालयात आहेत. ती हत्यारे कशी चालत होती, हे सांगणारे मात्र कुणी उरले नाही. संशोधक आजही त्याच्या वाद्यांचे लाकूड आणि रोगण तपासत आहेत. त्याने चार गोष्टी लिहून ठेवल्या असत्या तर, असे कुणाच्याही मनात यावे.

परंतु या कहाणीची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. त्या घरात तुटली ती हातांची साखळी. लेखाने ती जोडली गेली असतीच, असे नाही. जवारी शिकायला मुलाने वा शिष्याने वर्षानुवर्षे शेजारी बसून ऐकावे लागते. या धंद्यावर घर चालते, हे दिसल्याशिवाय आजचा तरुण तसा बसणार नाही. व्यवसाय तोट्यात ठेवून कलेविषयी कितीही सुंदर लिहिले, तरी शेजारची जागा रिकामीच राहील. लिहिणे थांबवून धंद्याकडे वळणारा कारागीर एका अर्थाने ही जागा भरण्याचीच तजवीज करीत असतो.

राहिला प्रश्न सांगण्याचा. तंतुवाद्यांच्या कामात श्रमविभागणी नवी नाही. सांगाडा एकाने जोडायचा, नक्षी दुसऱ्याने काढायची, जवारी तिसऱ्याने, असे काम वाटून घेता येते. नोंदी ठेवणे, चित्रीकरण करणे, जिज्ञासूंना उत्तरे देणे हाही असाच एक वेगळा वाटा मानला, तर तो संगीत संस्था, विद्यापीठे आणि कारागिरांचे समूह उचलू शकतात. मात्र कारागिराने त्यासाठी दिलेल्या वेळाचा मोबदला त्याला मिळायला हवा. रसिकांनाही आपला भाग आहे. फुकट माहितीसाठी कारागिराला सतत हाका मारण्यापेक्षा घरात धूळ खात पडलेला तानपुरा त्याच्याकडे दुरुस्तीला न्यावा. त्याने हाती घेतलेल्या कानशीला तेवढे काम मिळाले, तर त्याचे न लिहिणे कुणाला फारसे खटकणार नाही.