झडतीला परवानगी आम्हीच देतो!

१४ एप्रिलला अमरावतीच्या इर्विन चौकात आणि अकोल्याच्या अशोक वाटिकेत अभिवादनाला जमणाऱ्या आपल्या समाजाच्या हाती आज मोबाईल आहे. पण त्याच मोबाईलमधून आपल्या घराची झडती चालू असते, याचे भान आम्हाला नाही.

नागरिकाचे शरीर, घर, कागदपत्रे व चीजवस्तू यांची विनाकारण झडती-जप्ती होऊ नये, हा मूलभूत हक्क बाबासाहेबांनी १९४७ सालीच 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात मागितला होता. संविधानात तो तशा शब्दांत आला नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. सत्तर वर्षांनी पदरी पडलेला हा हक्क आम्ही 'अलाऊ' या एका बटणावर सोडून देतो!

सर्वाधिक फटका गरजवंताला बसतो. बँक दारात उभे करीत नाही म्हणून तो कर्जाचे ॲप घेतो. ॲप संपर्क यादी मागते, तो देतो. हप्ता थकला की यादीतल्या सोयऱ्याधायऱ्यांना फोन जातात. जुना सावकार दारात येऊन अब्रू काढायचा. हा साऱ्या गोतावळ्यात काढतो. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बँका व वित्तसंस्थांच्या कर्ज-ॲप्सना संपर्क यादी, कॉलच्या नोंदी व फायली पाहण्यास मनाई केली. पण कुणीतरी पाठवलेल्या लिंकवरून घेतलेले बनावट ॲप हा नियम कशाला पाळेल?

प्रत्येक परवानगी वाईट नसते. ई-पीक पाहणीला शेताचे ठिकाण व पिकाचा फोटो लागतोच. पण टॉर्चच्या ॲपला संपर्क यादी कशाला?

म्हणून आजच सेटिंग्जमध्ये 'परमिशन मॅनेजर' उघडा. कॅमेरा, माइक, लोकेशन, संपर्क, एसएमएस कोणाकोणाला दिले आहे ते पाहा. ज्याचे काम नाही त्याचे बंद करा. कामाच्या ॲपला लोकेशन फक्त वापरापुरते द्या. मात्र एकदा गेलेली यादी ॲप काढून टाकल्याने परत येत नाही. धमकी आली तर लाजून गप्प बसू नका; पुरावे जपून ठेवा, पोलिसांत तक्रार करा. पैसे लुबाडले गेले असतील तर लगेच १९३० वर कळवा.

शिकलेल्या पोरापोरींनी वस्तीतल्या आईबापांचे मोबाईल एकदा तपासून द्यावेत. 'तुला हे कशाला हवे?' हा प्रश्न विचारल्याशिवाय आपल्या घराचे दार कोणालाही उघडू नये.