हॉटेलला मासळी देण्याआधी: हॉटेलची खरेदी चालते कशी?



१ ऑगस्टला ट्रॉलर पुन्हा पाण्यात उतरतील. जाळी शिवून होतायत, इंजिनांची कामे चालू आहेत. आणि संस्थेत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय: "एजंटला देण्यापेक्षा थेट हॉटेलला मासळी का देऊ नये? दर तर तिथे जास्त मिळतो."

दर जास्त मिळतो, हे खरे. पण गेल्या मोसमात आपल्याच एका सभासदाचे काय झाले ते आठवा. ४० किलो इसवण (सुरमई), पहाटे जेटीवर उतरलेली, एकदम ताजी. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलच्या शेफने फोनवर "घेऊन या" म्हटले, म्हणून टेंपोत घातली. गाडी पोहोचली साडेबाराला. हॉटेलने १८ किलो निवडून घेतली आणि २२ किलो परत पाठवली. ती संध्याकाळी पडेल त्या दराने विकावी लागली. घेतलेल्या १८ किलोचे बिलसुद्धा दोन महिने अडकले.

आपण म्हणालो, हॉटेलवाल्याने फसवले. खरे सांगायचे तर त्याने फसवले नव्हते. त्याची खरेदीची पद्धत आपल्याला माहीत नव्हती. ती माहीत असती तर त्या दिवसाचे नुकसान टळले असते. म्हणून आज तीच पद्धत सोप्या शब्दांत.

१. हॉटेल किलोचा हिशेब करत नाही, प्लेटचा करते

आपण जेटीवर लिलावात किलोचा दर बघतो. हॉटेलचा पर्चेस मॅनेजर बघतो की एक प्लेट त्याला कितीला पडते.

समजा, मेनूवर इसवण फ्रायची प्लेट ७०० रुपयांना आहे. बहुतेक हॉटेले पदार्थाच्या कच्च्या मालावर विक्रीच्या साधारण ३० टक्के खर्च धरतात. म्हणजे २१० रुपये. त्यातले ३० रुपये तेल, मसाला, भात, सॅलडला गेले. मासळीसाठी उरले १८०. एका प्लेटला १८० ग्रॅम साफ मांस लागते. म्हणजे साफ मांस त्याला १,००० रुपये किलोपेक्षा महाग पडून चालणार नाही.

आता अख्ख्या माशाचा हिशेब. डोके, काटा, आतडी, शेपूट गेल्यावर एक किलोतून ६०० ग्रॅम मांस निघाले, तर ६०० रुपये किलोची इसवण त्याला साफ करून १,००० ला पडते. जमले. पण मासा लहान असेल आणि किलोतून ५०० ग्रॅमच निघाले, तर तेच ६०० रुपये साफ मांसाला १,२०० होतात. प्लेटमधली मासळी १८० ची २१६ ला गेली. प्रत्येक प्लेटमागे ३६ रुपये जास्त.

म्हणून तो लहान इसवण बाजूला काढतो. मासळी वाईट म्हणून काढत नाही, त्याच्या प्लेटच्या हिशेबात ती बसत नाही म्हणून काढतो.

हे घरी करून बघा. एक मासा अख्खा तोला, साफ करा, मांस परत तोला. मांसाच्या वजनाला अख्ख्या वजनाने भागा. अख्ख्या माशाच्या दराला त्या आकड्याने भागले की खरा दर कळतो: ६०० भागिले ०.६० म्हणजे १,०००. इसवण, तामसो, चोणक, कोळंबी, माणक्या, प्रत्येकाचा आकडा वेगळा येईल. दोन-तीन आकारांचे मासे घेऊन हे आकडे वहीत लिहून ठेवा. दर सांगताना ही वही हातात असली, की समोरच्याशी बरोबरीने बोलता येते.

२. त्यांना काय हवे, ते लिहिलेले असते

प्रत्येक मासळीचा एक कागद हॉटेलकडे असतो. त्याला ते स्पेसिफिकेशन म्हणतात. मासा कोणता, एका नगाचे वजन किती ते किती, अख्खा की साफ केलेला, बर्फातला की गोठवलेला, कसा पॅक केलेला, हे सगळे त्यात असते. पापलेट अख्खे प्लेटमध्ये जाते, म्हणून सगळे नग सारख्या वजनाचे हवे असतात. एका टेबलावर एकाला मोठे आणि एकाला लहान पापलेट गेले की गिऱ्हाईक बोलते.

कोळंबीला आकडे असतात: १६/२०, २१/२५ असे. १६/२० म्हणजे एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, १६ ते २० नग. आकडा जितका लहान तितकी कोळंबी मोठी. काही हॉटेले किलोवर नग मोजतात. कुठला हिशेब आहे ते आधीच विचारा, नाहीतर मोठा घोळ होतो.

हा कागद पहिल्याच भेटीत मागून घ्या. मग होडीवरच, नाहीतर जेटीवर, आकारानुसार निवड करा. हॉटेलच्या कागदात बसणारी मासळी वेगळ्या क्रेटमध्ये, बाकीची नेहमीसारखी लिलावाला. टेंपोचे भाडे भरून परत येणारी मासळी मुळात पाठवूच नये.

३. किती हवी, तेही ठरलेले असते

शुक्रवार ते रविवार एका हॉटेलला २५ किलो इसवण लागते असे धरा. हा त्यांचा ठरलेला साठा, ज्याला ते पार स्टॉक म्हणतात. फ्रीजमध्ये ७ किलो शिल्लक असेल, तर ऑर्डर १८ ची. त्या दिवशी आपल्या जाळ्यात ४० किलो लागली, यात त्यांचा काही संबंध नाही. जास्त घेतली तर त्यांच्याकडे पडून राहते, वजन घटते, शेवटी टाकावी लागते. आपल्या सभासदाचे २२ किलो परत येण्याचे मोठे कारण हे होते.

४. सांगणारा वेगळा, घेणारा वेगळा, पैसे देणारा वेगळा

इथे आपले लोक सगळ्यात जास्त अडकतात. मोठ्या हॉटेलात शेफ मागणी सांगतो, पर्चेस विभाग दर ठरवून ऑर्डर काढतो, स्टोअरकीपर माल तपासून घेतो, आणि अकाउंट्सवाले पैसे देतात. एकाच माणसाच्या हातात सगळे असले तर चोरी होते, म्हणून कामे मुद्दाम वाटलेली असतात.

अकाउंट्सचा माणूस तीन कागद जुळवतो: ऑर्डर, माल मिळाल्याची सही, आणि आपले बिल. तिन्हींत नग, वजन, दर सारखे असतील तरच पैसे सुटतात. शेफने फोनवर सांगितलेल्या मासळीची ऑर्डर नसेल, तर बिल टेबलावर पडून राहते. तसेच झाले होते. म्हणून नियम एकच: ऑर्डर नंबर आल्याशिवाय गाडी हलवायची नाही. शेफशी ओळख जरूर ठेवा, पण कागद पर्चेसकडूनच घ्या.

५. गेटवर काय तपासतात?

वेळ: बहुतेक हॉटेले सकाळी ठरावीक तासांतच माल घेतात. दुपारच्या जेवणाच्या गर्दीत कोणाला फुरसत नसते. साडेबारा म्हणजे उशीर.

वजन: बर्फ आणि पाणी काढून निव्वळ वजन. आपण निघताना तोलायचे, त्यांच्या काट्यावर समोर उभे राहून तोलून घ्यायचे, आणि चलनावर सही घ्यायची. काही परत केले तर किती आणि का, हे त्याच चलनावर लिहून घ्यायचे.

तापमान: थर्मामीटर माशाच्या पोटात घालून बघतात. बर्फातली ताजी मासळी शून्याच्या जवळ, जास्तीत जास्त ५ अंश सेल्सिअसच्या आत हवी. आपल्या हवेत मासळी जितकी, तितकाच बर्फ, असा हिशेब धरा. हे नुसते नखरे नाहीत. इसवण, बांगडा, कुपा अशी मासळी बर्फाशिवाय राहिली तर तिच्यात हिस्टामिन तयार होते. खाणाऱ्याचे अंग लाल होते, पुरळ उठते, डोके दुखते. आणि मासळी कितीही तळली, उकडली तरी ते जात नाही.

डोळे, कल्ले, पोट तर ते बघतातच. त्यात आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

६. मासळी आली कुठून?

जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक बाजारातले फॉर्मेलिनचे प्रकरण गोव्यात गाजले. तेव्हापासून गिऱ्हाईक विचारते आणि हॉटेलही विचारते. इथे आपली बाजू भक्कम आहे. मासळी आपल्या होडीची, आपल्या जेटीवर उतरलेली. क्रेटवर होडीचे नाव, तारीख आणि जेटी लिहा. खर्च काही नाही, विश्वास मोठा.

परवान्याचेही समजून घ्या. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम १८(३) प्रमाणे मच्छीमाराला त्याच्या मासेमारीच्या कामापुरता तो कायदा लागू नाही. पण मासळी साफ करून, तुकडे करून, पॅक करून विकायची म्हटली की तो अन्नाचा धंदा झाला. त्याला एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतो, आणि हॉटेल तो नंबर मागतेच. हे काम एकेकट्याने करण्यापेक्षा संस्थेमार्फत केलेले बरे. साफसफाईचे काम आपल्याच घरच्या बायकांना मिळेल आणि डोकी, काटे रश्शासाठी वेगळे विकता येतील.

७. उधारी: सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा

जेटीवर पैसे लवकर हातात येतात. हॉटेल बहुतेक वेळा महिन्याची उधारी मागते. हिशेब करा: २० किलो, ६०० रुपये, आठवड्यातून तीन वेळा. आठवड्याचे झाले ३६,०००. महिनाभर पैसे आले नाहीत तर दीड लाखाच्या वर रक्कम अडकली. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार मात्र थांबत नाही. ज्याने हा विचार केला नाही, तो चांगला दर मिळवूनसुद्धा कर्जात जातो.

म्हणून तीन गोष्टी आधी लिहून घ्या:

- उधारी किती दिवसांची आणि जास्तीत जास्त किती रकमेची. त्या रकमेवर गेले की पुढची गाडी नाही.
- दर कसा ठरणार. मोसमभर एकच दर बांधून घेऊ नका. पंधरा दिवसांनी बदलणारा दर, किंवा जेटीचा त्या दिवसाचा दर अधिक निवड, बर्फ आणि वाहतुकीची ठरावीक रक्कम, असे ठेवा.
- वादळ आणि बंदी. १ जून ते ३१ जुलै ६१ दिवस यांत्रिक होड्या बंद. त्या काळात पुरवठ्याचे वचन देऊ नका. दिले आणि पाळता आले नाही तर बाहेरची मासळी विकत घेऊन द्यावी लागेल, आणि मग "आपल्या होडीची" हे नाव गेले.

मग द्यायची की नाही?

द्यायची, पण सगळी नाही. आपल्या पकडीतला जो भाग आकाराने आणि ताजेपणाने हॉटेलच्या कागदात बसतो, आणि ज्याचे पैसे महिनाभर थांबले तरी घरची चूल आणि होडीचे डिझेल चालेल, तेवढाच. बाकीचा लिलावाला. एजंटशी भांडण करून संबंध तोडू नका. ऑर्डर १८ ची आणि जाळ्यात ४० आली, की उरलेले २२ किलो घेणारा तोच आहे.

होड्या उतरण्याआधीच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या होडीच्या मासळीचा साफ करण्याचा आकडा वहीत लिहून आणा. दोन-तीन इसवण आणि किलोभर कोळंबी तोलायला अर्धा तास पुरतो. सगळ्यांचे आकडे जुळवून संस्था एकच दरपत्रक करेल. काही अडले तर संस्थेच्या ऑफिसात या, बसून हिशेब करू.

दर्या सगळ्यांना भरभरून देवो.