बाळंतिणीचे दूध आणि कामाचा खाडा

माहीम स्टेशनच्या पूर्वेला उतरले की धारावी, पश्चिमेला उतरले की माहीम. मधल्या पुलावर भल्या सकाळपासून आमच्या भगिनींची रांग लागलेली असते. पलीकडच्या सोसायट्यांत चार-पाच घरची धुणीभांडी उरकायची आणि दुपारी परतायचे. अशाच काही बाळंतिणींसाठी गेल्या पावसाळ्यात विहारात महिला मंडळाने बैठक ठेवली होती. पालिकेच्या सेवेतून निवृत्त झालेल्या एक सिस्टर आल्या होत्या. आम्ही मागे बसून ऐकत होतो.

पहिला प्रश्न एका एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीचा. बाळ दीड महिन्याचे. "सिस्टर, मला दूधच पुरत नाही. सासूबाई म्हणतात, पावडरचा डबा आणू."

सिस्टरांनी उलट विचारले, "बाळ दिवसातून शू किती वेळा करतं?"

"सात-आठ वेळा."

"वजन?"

"वाढलंय."

"मग दूध कमी कुठे आहे?"

ही साधी गोष्ट आमच्या घरांतून कोणी सांगत नाही. बाळ रडले की ते भुकेलेच, आणि भुकेले म्हणजे आईला दूध नाही, असा निकाल शेजारीण देऊन मोकळी होते. बाळ अनेक कारणांनी रडते. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा किंवा त्याहून जास्त वेळा लघवी आणि वाढते वजन ही दूध पुरत असल्याची खरी खूण. जन्मानंतर वजन थोडे उतरते, ते साधारण दोन आठवड्यांत भरून निघते. तसे झाले नाही, बाळ सुस्त पडले किंवा लघवी कमी झाली, तर मात्र घरात न बसता डॉक्टर गाठायचा.

दूध तयार होते ते बाळाच्या ओढण्याने. जितके पाजाल तितके येते. नवजात बाळाला दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे, आणि रात्रीचे पाजणे चुकवू नये. डबा सुरू केला की बाळाचे ओढणे कमी होते, ओढणे कमी झाले की दूध कमी होते, आणि मग सासूबाईंचे म्हणणे खरे ठरते! स्तनाला चिरा पडत असतील तर बहुतेक वेळा बाळ नुसते टोक धरून ओढत असते. भोवतालचा काळा भागही त्याच्या तोंडात गेला पाहिजे. गाठ येऊन ताप भरला तरी पाजणे थांबवायचे नाही, औषध मात्र घ्यायचे. सिझेरियन झालेली आईसुद्धा पाजू शकते.

पहिला पिवळा चीक वाईट म्हणून पिळून टाकण्याची रीत अजून कुठे कुठे आहे. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात चमचा-दीड चमचाच मावते, आणि तेवढाच चीक येतो. रोगाशी लढण्याची पहिली शिदोरी ती. मध, गुटी, साखरपाणी काही नको. मध तर वर्षाच्या आत नकोच. सहा महिने पाणीसुद्धा नको, मे महिन्याच्या उकाड्यातही नको. बाळंतिणीला अळिवाचे, डिंकाचे लाडू जरूर द्या, पण ताटातली डाळ-भाजी पथ्याच्या नावाखाली काढून लाडू देण्यात काय अर्थ?

दोष सगळा आज्यांवर टाकून चालणार नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात 88.6 टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली, पण तासाभरात आईचे दूध मिळालेली बाळे होती 41.8 टक्के. म्हणजे मधला तास दवाखान्यातच हरवतो.

सिस्टरांचे सांगून झाल्यावर त्या मुलीने हळूच विचारले, "पण मी सोमवारपासून कामावर जाणार. तेव्हा?" सगळ्या बैठकीत हाच एक प्रश्न खरा होता.

हा प्रश्न या मुंबईला जुना आहे. गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्याला अफूची बाळगोळी देऊन निजवून जात. सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या लेडी डॉक्टरांनी 1920 च्या दशकाच्या सुरुवातीलाच ते नोंदवून ठेवले आहे. 28 जुलै 1928 रोजी मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक चर्चेला आले तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. आईची विश्रांती हा देशाच्या हिताचा प्रश्न आहे, त्याचा भार मुख्यतः सरकारने आणि तिच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकानेही उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. 1929 साली कायदा झाला. 1961 मध्ये देशभराचा कायदा आला, 2017 मध्ये पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 वर गेली, पन्नास किंवा त्याहून जास्त माणसांच्या आस्थापनेत पाळणाघर आले. फार चांगले झाले. पण चार घरी भांडी घासणारीचा मालक कोण? तिची सव्वीस आठवड्यांची रजा कोणाकडे मागायची? चौथ्या दिवशी खाडा झाला की पाचव्या दिवशी दुसरी बाई ठेवली जाते, हे आम्ही नव्याने सांगायला नको.

म्हणून डबा. तोही महाग, म्हणून एका चमच्याच्या जागी अर्धा. पाणी नळाचे, बाटली घाईत विसळलेली. मग जुलाब. बाळाच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात आणि फुकट नमुने 1992 च्या कायद्याने बंद आहेत, पण गरज जाहिरातीवाचून डबा विकते.

सिस्टरांनी मग तिला हाताने दूध काढायला शिकवले. हात साबणाने धुवायचे, उकळलेल्या झाकणाच्या वाटीत काढायचे. सावलीच्या थंड जागी ते चार तास चालते, उकाड्यात त्याआधीच संपवावे. फ्रीज असेल तर चार दिवसांपर्यंत राहते. पाजायचे वाटी-चमच्याने, बाटलीने नाही. उरलेले उष्टे ठेवायचे नाही. निघताना एकदा पाजायचे, आल्या आल्या पुन्हा.

आईच्या दुधाची किंमत या भागाने कधीच ओळखली आहे. पलीकडच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. इतर आया दूध देतात, ते 62.5 अंशांवर अर्धा तास तापवून कमी दिवसांच्या बाळांना दिले जाते. तिथे थेंबाथेंबाची नोंद असते, आणि पुलावर भरल्या छातीने चालणारी बाई भिजलेला पदर सावरत शेवटच्या घरची भांडी उरकते.

बैठकीनंतर मंडळाने विहारामागची खुर्च्या ठेवायची खोली रिकामी केली. पडदा लावला, चटई टाकली, पंखा कुणीतरी दिला. आज्या बाळांना तिथे आणतात, आया दोन कामांच्या मध्ये येऊन पाजून जातात. ती मुलगी सध्या येते. तिच्या चार घरांपैकी एका बाईंनी बाळ सोबत आणायला परवानगी दिली आहे, उरलेल्या तिघींना तिने अजून विचारलेले नाही.