जंगलातल्या अळंबीचा फोटो वरून काढताय? खालची बाजू का महत्त्वाची, जाणून घ्या

पावसाची दोन-चार दिवस झड लागली की विदर्भातल्या सागाच्या जंगलात पालापाचोळ्यातून छोट्या छत्र्या डोकं वर काढतात. कुणी त्यांना अळंबी म्हणतं, कुणी भूछत्र. दिसली की लगेच मोबाइल निघतो आणि उभ्या उभ्या वरून फोटो निघतो. ओळख पटवायला मात्र हाच फोटो सर्वांत कमी उपयोगाचा.

अळंबी म्हणजे नेमकं काय?

अळंबी ही वनस्पती नाही. बुरशी वर्षभर माती किंवा कुजक्या लाकडात धाग्यांच्या जाळ्यासारखी पसरलेली असते. भरपूर ओलावा मिळाला की ती बीजाणू पसरवण्यासाठी छत्री वर काढते. वारुळावर उगवणारी विदर्भातली 'सात्या' तर वाळवीच्या शेतीतून येते. वाळवी वारुळात ही बुरशी अन्नासाठी वाढवते.

कुठे शोधाल?

पडलेली खोडं, वारुळांचा परिसर आणि सावलीतला कुजलेला पाला बघा. छत्र्या काही दिवसांतच विरघळतात किंवा सुकतात, त्यामुळे पाऊस उघडताच जा.

फोटो कसा काढाल?

- सेल्फी कॅमेरा सुरू करून फोन छत्रीखाली सरकवा. न तोडता खालच्या पट्ट्या दिसतील.
- फोन जमिनीला टेकवून बाजूने फोटो घ्या. देठ, त्यावरचं कडं आणि बुंधा त्यात यायला हवा.
- ती माती, लाकूड की वारुळावर उगवली, हे दिसू द्या.
- आकार कळावा म्हणून शेजारी नाणं ठेवा.

अभयारण्यात परवानगीशिवाय अळंबी तोडणं बेकायदा आहे.

फोटोवरून ओळखून खाता येईल का?

नाही. विषारी 'क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस' वरून खाण्याच्या अळंबीसारखीच पांढरी दिसते. तिच्या खालच्या पट्ट्या हिरवट होतात, पण त्या पक्व झाल्यावरच. 'अमॅनिटा' वंशातल्या काही जातींचं विष शिजवूनही जात नाही. त्यांची लक्षणं साधारण 6 ते 24 तासांनी दिसतात. मध्येच बरं वाटतं, पण तोवर यकृताचं नुकसान सुरू झालेलं असतं. ॲप सांगतं तो फक्त अंदाज.

रानातली अळंबी खाल्ल्यावर उलट्या-जुलाब झाले, तर ते थांबले तरी घरी थांबू नका. लगेच रुग्णालय गाठा. उरलेली अळंबी किंवा मोबाइलमधला फोटो डॉक्टरांना दाखवा. तेव्हाही खालच्या बाजूचाच फोटो जास्त उपयोगी पडेल.