नाकातल्या जंतूचा ताळेबंद

पोराचं नाक वाहतंय म्हणून आपल्याकडे कोणी डॉक्टर गाठत नाही. बँकेच्या नोकरीत असताना कर्जवसुलीसाठी भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्याला माझं जाणं होई. नातवाचं नाक पदरानं पुसत आजी पिकाच्या गोष्टी सांगत राहायची.

अशा नाकात, आणि न वाहणाऱ्या नाकातही, पुष्कळदा एक जंतू मुक्कामाला असतो. त्याचं नाव न्यूमोकोकस. 1881 साली फ्रान्समध्ये पाश्चर आणि अमेरिकेत स्टर्नबर्ग यांनी तो स्वतंत्रपणे हुडकला. बहुतेक मुलांना तो काही करत नाही. पण फुप्फुसात, रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात शिरला, की जिवावर बेततं.

त्याचे शंभराहून अधिक प्रकार आहेत आणि लस चालते ती मोजक्यांवर. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं 2020 मध्ये बाजारात आणलेली लस दहा प्रकारांवरची आहे. सरकारी कार्यक्रमात अशी लस 2017 साली काही राज्यांत आली, 2021 मध्ये देशभर. दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांच्या बाळाला ती मोफत टोचतात.

मग काळजी मिटली? नाही. अमेरिकेत 2000 साली सात प्रकारांवरची लस आली. नातवंडांना टोचल्यावर आजी-आजोबांचाही आजार घटला, कारण जंतू घरात येतो तो बहुधा मुलांच्या नाकातूनच. पण मोकळ्या झालेल्या जागेत लसीत नसलेला 19ए हा प्रकार फोफावला. 2010 साली तेरा प्रकारांची लस आणावी लागली. पुण्याच्या लसीत 19ए आहे. उद्या दुसरा कोणी डोकं वर काढील.

ते वेळेत कळावं कसं? आजारी मुलाच्या रक्तात जंतू सापडणं अवघड, कारण तपासणीआधीच अँटिबायोटिक पोटात गेलेलं असतं. म्हणून निरोगी मुलांच्या नाकात बारीक लवचीक काडी घालून नमुना घेतात आणि प्रयोगशाळेत जंतूचा प्रकार ओळखतात. लसीआधी एकदा आणि नंतर ठरावीक वर्षांनी पुन्हा. बँकेचा तपासनीसही सगळी व्हाउचरं पाहत नाही. निवडक पाहून शाखेची तब्येत ओळखतो. मात्र नाकाचा हिशेब एकटा पुरत नाही. क्रमांक एकचा प्रकार नाकात क्वचित सापडतो, तरी आजार गंभीर करतो. म्हणून रुग्णालयांची नोंदही शेजारी ठेवावी लागते.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं 1988च्या सुमारास गावकऱ्यांना मुलाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं आणि बालमृत्यू घटवले. तिथे मोजणी आजारी मुलाची होती. इथे मोजणी धडधाकट मुलाची. "माझ्या पोराला काय झालंय?" असं आई विचारणारच. तिला खरं तेच सांगावं : बाई, याला काही झालेलं नाही, या काडीनं याचा फायदाही नाही, पण पुढच्या बाळांना कोणती लस द्यायची, ते याच्या नाकावरून ठरेल. एवढं ऐकून तिनं हो म्हटलं, तर ते तिचं दान समजावं. नाही म्हटलं, तर तो तिचा हक्क.